बेचाळीस लाख शेवट

फलटणचे श्रीरंग देशमाने म्हणजे भूमी अभिलेख खात्यातले मोजणीदार. नोकरीला लागले तेव्हा साखळी ओढत शेतं मोजायचे आणि निवृत्त झाले तेव्हा ड्रोन उडवून. तेहेतीस वर्षं या माणसाने लोकांना त्यांच्या हद्दी दाखवल्या, शिव्या खाल्ल्या, चहा प्याला आणि एक दिवस शाल-नारळ घेऊन घरी येऊन बसला. आता मोजायचं काय? तर त्यांनी एक टीव्ही मालिका मोजायला घेतली.

मालिकेचं नाव 'तिसरा फाटा'. घाटाखालचं एक गाव. पहिल्याच भागात हेडमास्तरांच्या मुलीचं, चित्राचं, लग्न मोडतं, कारण नवऱ्या मुलाच्या घरी एक निनावी पत्र येतं. त्याच दिवशी चित्रा तिसऱ्या फाट्यावरून एसटीत बसते आणि नाहीशी होते. पत्र कुणी लिहिलं, एवढाच काय तो प्रश्न. आणि एवढ्याशा प्रश्नावर त्या वाहिनीने चार वर्षं काढली हो. संथ म्हणजे किती संथ, तर सोमवारी सरपंचीणबाईंनी चुलीवर ठेवलेलं दूध शुक्रवारी उतू गेलं. लोक चरफडायचे, आता हे बघणं बंद म्हणून कानाला खडा लावायचे आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा टीव्हीसमोर.

देशमान्यांनी त्या गावाचा चक्क नकाशा काढला होता. कोण किती पावलं चाललं, सावली कुठे पडली, त्यावरून अंतरं बसवली होती. पोस्टापासून ओढा नऊशे मीटर. शाळेपासून फाटा एक किलोमीटर दोनशे. त्यामुळे पत्र पडलं त्या वेळी कोण पेटीपाशी पोचू शकतं आणि कोण नाही, हे ते छातीठोकपणे सांगायचे. त्यांच्या पत्नी रजनीबाईंचं म्हणणं होतं की एवढी बारकाई नोकरीत दाखवली असती तर जिल्ह्याचे अधिकारी होऊन निवृत्त झाला असता.

भाग संपला की बरोबर आठ वाजता सोलापूरहून हर्षदाचा फोन. हर्षदा ही त्यांची एकुलती एक लेक. सोलापूरला तंत्रनिकेतनात शिकवते, नवरा तेजस शाळेत गणिताचा मास्तर. फोन चाळीस मिनिटं तरी चालायचा, रंगला तर तासभर. बापाचं म्हणणं, पत्र टपालवाल्या धोंडूने लिहिलं. लेकीचं म्हणणं, पत्र खुद्द हेडमास्तरांनी, म्हणजे चित्राच्या बापानेच लिहिलं. चार वर्षांत दोघं तसूभर हलले नाहीत. देशमाने नकाशा पुढ्यात घेऊन हेडमास्तरांची वकिली करायचे, आणि हर्षदा शांतपणे विचारायची, मग अण्णा, तो बाप चौथ्या भागात पाणी पिताना थबकला का होता?

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढची सगळी मजा वाया जाईल. अकरा वर्षांपूर्वी हर्षदाचंही एक लग्न मोडलं होतं. निनावी पत्रानेच. आणि ते पत्र श्रीरंग देशमान्यांनी लिहिलं होतं.

स्थळ त्यांच्या थोरल्या भावाने आणलं होतं. मुलगा विक्रांत शेवाळे, देखणा, घरचं बागायत. साखरपुडा झाला आणि पुढच्याच महिन्यात एका मोजणीच्या वेळी देशमान्यांनी विक्रांतला असं काही करताना पाहिलं की पोरगी त्या घरात द्यायची नाही हे त्यांनी बांधावरच ठरवलं. पण थोरल्या भावासमोर तोंड उघडायची त्यांची उभ्या जन्मात हिंमत नव्हती. मग त्यांनी डाव्या हाताने पत्र खरडलं, की मुलीला फिट्स येतात. लग्न मोडलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून ते सुस्कारा सोडतात न सोडतात, तोच ती फिट्सची बातमी तीन तालुके फिरून आली. दोन वर्षं दारात एक स्थळ आलं नाही. कॉलेजात मुलं हर्षदाकडे भीतीने बघायची, चुकून पडली तर म्हणून. पुढे तिनेच तेजसला शोधलं, सुखात नांदली, पण बापाशी तिचं बोलणं 'जेवलात का' आणि 'बरं आहे ना' यांच्यापुढे जाईना.

आणि चार वर्षांपूर्वी एके दिवशी तिचा आपणहून फोन आला. अण्णा, एक मालिका सुरू झालीय, बघत जा, मग आपण बोलू. देशमान्यांनी पहिला भाग बघितला आणि उठून टीव्हीच बंद केला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. पण आठ वाजता फोन वाजला, लेक पंचेचाळीस मिनिटं बोलली, मध्ये दोनदा हसली. मग काय. ती हसते म्हटल्यावर या माणसाने रोज स्वतःच्या फाशीचा कार्यक्रमसुद्धा आवडीने बघितला असता. एकच काळजी होती. हे फोन टिकायचे तर हेडमास्तर निर्दोष ठरायला हवे होते.

अशात मालिका संपत आल्याची बातमी आली आणि तिच्यासोबत ती अंगठीची भानगड.

अंगठी तशी जुनीच. मालिका सुरू झाली तेव्हा वाहिनीने प्रत्येक प्रेक्षकाला एक करड्या रंगाची हलकी अंगठी फुकट दिली होती. ती घालून बघितलं की जाहिराती निम्म्या लागायच्या. फुकट ते पौष्टिक, म्हणून सगळ्यांनी घातली. सोबतच्या फॉर्मवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. अंगठी बोटातली नाडी मोजायची, कातडीवरचा घाम मोजायची, बोटाची ऊब मोजायची. एखादं पात्र समोर आलं की तुम्हाला त्याचा संशय येतोय हे तुम्हाला कळायच्या अर्धा सेकंद आधी तुमच्या बोटाला कळतं. अशी चार वर्षांची, बेचाळीस लाख बोटांची नोंद वाहिनीकडे जमा झाली होती.

त्यामागचं शास्त्र वाहिनीने एका खास कार्यक्रमात समजावून सांगितलं, आणि खरं सांगायचं तर ते होतंही पटण्याजोगं. आपला मेंदू सदान् कदा पुढचा अंदाज बांधत असतो. पायरी उतरताना पाय किती खाली जाईल, समोरचा वाक्य कसं संपवेल, सगळं तो आधीच ठरवून ठेवतो. अंदाज थोडा चुकला तर मेंदू जागा होतो आणि गोष्टीत रंगतो. फारच चुकला तर चिडतो. अजिबात चुकला नाही तर जांभई देतो. रहस्यकथेचा झकास शेवट म्हणजे 'मला वाटलंच होतं' आणि 'हे मला सुचलं नव्हतं' यांच्या मधली एक अरुंद जागा. अडचण एवढीच, की ही जागा प्रत्येक माणसाची वेगळी. आजवरच्या लेखकांनी सगळ्यांना मिळून एक शेवट दिला आणि निम्म्यांच्या शिव्या खाल्ल्या. आता तसं व्हायचं कारण नव्हतं. नटनट्यांनी आपले चेहरे आणि आवाज करार करून यंत्राला दिले होते. शेवटचा भाग यंत्रच रचणार होतं, एकही कॅमेरा न लावता, आणि प्रत्येक अंगठीसाठी वेगळा. बेचाळीस लाख प्रेक्षक, बेचाळीस लाख शेवट. प्रत्येकाने आपापल्या फोनवर एकट्याने बघायचा, आणि शेवटी पडद्यावर आकडा येणार, शंभरपैकी तुमचा समाधानांक किती.

हे ऐकून गावात आनंदीआनंद झाला. देशमाने मात्र नकाशा पुढ्यात घेऊन हिशेब करू लागले. म्हणजे ज्याच्या मनात जे, ते त्याच्या पडद्यावर. हर्षदाच्या मनात काय आहे हे त्यांना चार वर्षं रोज आठ वाजता ऐकू येत होतं. तिच्या पडद्यावर बाप दोषी ठरणार, आणि मग ती फोनवर काय विचारेल? ती विचारणार नाही असं होईल का? आणि तिने विचारलंच, तर सोलापूरहून येणारा तो फोन पुन्हा कधी वाजेल का?

शेवटच्या भागाच्या दिवशी रजनीबाई स्वयंपाकघरात आणि देशमाने पुढच्या खोलीत, असे दोघं आपापला फोन घेऊन बसले. देशमान्यांचा शेवट असा होता. पत्र टपालवाल्या धोंडूचं होतं, पण धोंडू कधीच मरून गेला होता आणि पत्र पुरात वाहून गेलं होतं. तिसऱ्या फाट्यावर चित्रा एसटीतून उतरते. हेडमास्तर काहीतरी बोलू पाहतात. ती त्यांचा हात धरते आणि म्हणते, पत्र कुणी लिहिलं ते मला आता नकोय बाबा, घरी चला. बाप-लेक गावाकडे चालू लागतात आणि मागे डोंगरावर ऊन पडतं. देशमाने ढसाढसा रडले. आकडा आला शहाण्णव. स्वयंपाकघरातूनही समाधानाचा हुंकार ऐकू आला. रजनीबाईंच्या शेवटात सरपंचीणबाई पकडल्या गेल्या होत्या. जिला साधं दूध सांभाळता येत नाही तिच्यावर माझा पहिल्यापासून डोळा होता, असं त्या म्हणाल्या.

आठ वाजता फोन वाजला. देशमान्यांनी देवाचं नाव घेऊन तो उचलला. हर्षदाने विचारलं, कसा वाटला? ते म्हणाले, छान, धोंडूच निघाला. आणि तुझा?  ती म्हणाली की तिच्याही पडद्यावर धोंडूच निघाला. तुम्हीच जिंकलात अण्णा. जेवून घ्या वेळेवर.

तीन मिनिटांत फोन संपला. देशमान्यांचा जीव भांड्यात पडला. हेडमास्तर सुटले, आपणही सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऐटीत लोखंडे टेलरच्या दुकानात गेले. चार वर्षं त्या दुकानात या मालिकेवरून रणं माजली होती. दोन सख्खे साडू तिथेच बोलायचे बंद झाले होते. आज बघावं तर दुकान गपगार. लोखंड्यांना विचारलं तर त्यांच्या पडद्यावर तलाठी निघाला होता, त्यांना वाटतच होतं. शेजारच्या रसवंतीवाल्याला कंडक्टर निघाला होता, त्यालाही वाटतच होतं. जो येई तो सांगे की माझं खरं ठरलं, दुसरा म्हणे वा, माझंही, आणि पुढे बोलायला काही उरायचंच नाही. सगळं गाव पोट भरल्यासारखं ढेकर देत आपापल्या घरी गेलं. लोखंड्यांवर तर अशी पाळी आली की त्यांनी देशमान्यांची पँट सांगितलेल्या दिवशी शिवून दिली. तेवीस वर्षांत असं घडलं नव्हतं.

घरी परतताना मोजणीदाराचं डोकं चालू लागलं. बेचाळीस लाख शेवट, ज्याच्या मनात जे, ते त्याच्या पडद्यावर. मग चार वर्षं जी पोरगी बापाकडे बोट दाखवत आली, तिच्या पडद्यावर धोंडू कसा येईल? एका सर्व्हे नंबरचा नकाशा दुसऱ्याला कसा लागेल? ते रस्त्यातच थांबले. हर्षदा खोटं बोलली होती.

त्या दिवशी आठ वाजता फोन आला, दोन मिनिटं चालला. पुढे एक दिवसाआड येऊ लागला. मग रविवारी. एका रविवारी आलाच नाही. देशमान्यांनी आपणहून केला तर ती पेपर तपासत होती, नंतर करते म्हणाली, आणि केला नाही. पुन्हा तेच सुरू झालं, 'जेवलात का' आणि 'बरं आहे ना'. साडेसातला नवी मालिका लागली होती, हर्षदाने ती बघितली नव्हती. आठ वाजले की हा गृहस्थ फोन समोर ठेवून बसायचा आणि साडेआठला उचलून चार्जिंगला लावायचा.

असे दहा-बारा दिवस गेल्यावर रजनीबाईंनी ताट वाढता वाढता विषय काढला. त्यांना पत्राबद्दल काही ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याचं घोडं कुठेतरी पेंड खातंय हे ओळखायला त्यांना अंगठीची गरज नव्हती. पोरीशी काही बोलायचं राहिलंय का, असं त्यांनी सरळ विचारलं. देशमाने म्हणाले, राहिलंय. मग फोनकडे बघत बसून ते कसं होणार, सकाळी सव्वासातला सोलापूर गाडी आहे, असं म्हणून त्यांनी पोळीवर तूप वाढलं.

पाच तासांच्या प्रवासात देशमान्यांनी सगळा हिशेब करून बघितला. न सांगावं तर लेक हळूहळू जातेय. सांगावं तर एका झटक्यात जाईल. आजवर त्यांनी शेकडो लोकांना सांगितलं होतं की बाबांनो, हद्द दाखवल्याशिवाय भांडण मिटत नाही, दगड एकदा जागेवर पडू द्या, मग काय कुरकुरायचं ते कुरकुरा. लोकांना सांगायला काय जातं.

हर्षदाने दार उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि काळजीही. तेजस शाळेत गेला होता. तिने पाणी दिलं, चहा केला, आई बरी आहे ना विचारलं. देशमान्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले की मला तुझा शेवट बघायचा आहे. ती म्हणाली, सांगितलं ना, धोंडू. ते म्हणाले, तरी बघायचा आहे. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग आतून अंगठी आणून बोटात घातली, कारण त्याशिवाय भाग उघडत नव्हता, आणि फोन दोघांच्या मध्ये टेबलावर उभा केला.

पडद्यावर शाळेचं पटांगण होतं. हेडमास्तर चित्रासमोर उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि कबूल केलं, ते पत्र मी लिहिलं पोरी. ते रडले, तिच्या पायाशी वाकले, तिने त्यांना उठवून जवळ घेतलं. संवाद सुंदर होते, सनई होती, कडुलिंबाची फुलं पडत होती. एखाद्या दगडाला पाझर फुटावा असा तो प्रसंग होता. मग पडदा काळा झाला आणि आकडा आला. एकतीस.

देशमाने त्या आकड्याकडे बघत राहिले. तिला जे वाटत होतं तेच घडलं होतं, बापाने कबूलही केलं होतं, आणि तरी एकतीस. यंत्राचं काही चुकलं असेल, असं काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच आलं.

"हर्षू, ते पत्र मी लिहिलं होतं. तुझं. शेवाळ्यांना."

"माहीत आहे अण्णा," हर्षदा म्हणाली.

ती उठली, कपाटातून एक फाईल काढली, आणि फाईलमधून एक पिवळं पडलेलं पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं. लग्न मोडायच्या दिवशी विक्रांत तिच्या कॉलेजात आला होता आणि पत्र पाकिटासकट तिच्या टेबलावर फेकून गेला होता. देशमान्यांनी पाकीट हातात घेतलं. डाव्या हाताचं वेडंवाकडं अक्षर. विक्रांतच्या गावात निम्मं गाव शेवाळेच, पत्र भलत्याच शेवाळ्याच्या हाती पडू नये म्हणून पत्ता लिहिणाऱ्याने खबरदारी घेतली होती. शेवाळे यांचे राहते घर, पूर्वेस ओढा, पश्चिमेस गावरस्ता, दक्षिणेस मारुतीचे देऊळ, उत्तरेस गट नंबर दोनशे चौदा.

अख्ख्या जिल्ह्यात निनावी पत्रावर चतुःसीमा लिहिणारा माणूस एकच असू शकतो. अक्षर लपवायला हा माणूस हात बदलून बसला होता, पण इतक्या वर्षांची सवय हातात नसते, डोक्यात असते.

"गट नंबर चुकलाय," देशमाने पुटपुटले. "दोनशे एक्केचाळीस पाहिजे."

हर्षदाला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. ती दोन्ही एकदम करत म्हणाली की अकरा वर्षं मी वाट बघितली. तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल. माझं लग्न झालं तेव्हा वाटलं आता सांगतील. मग ही मालिका आली आणि मीच तुम्हाला ती लावून दिली. म्हटलं, रोज एका पत्राची गोष्ट बघतील, रोज मी बापाचं नाव घेईन, एक ना एक दिवस या माणसाच्या तोंडून निघेल. हजारावर भाग झाले अण्णा. तुम्ही नकाशे काढत बसलात.

"मग धोंडू का म्हणालीस?"

"तुम्ही फोनवर इतके खूश होतात. म्हटलं संपलं आता, राहू दे." तिने पदराने डोळे पुसले. "आणि हे यंत्र. याने माझी नाडी बघितली, याला वाटलं मला कबुली हवीय. दिली की त्याने, चांगली दिली. पण मी त्या हेडमास्तरांची मुलगी आहे का?"

देशमान्यांना लाज वाटली. नुसती लाज नाही, या वयात रडूही आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या मोजणीच्या आदल्या दिवशी विक्रांतने हद्दीचा दगड दहा फूट सरकवला होता, आणि ते उघडं पडल्यावर त्याने आपल्या म्हाताऱ्या गड्याचं नाव पुढे केलं होतं. म्हातारा हात जोडून नाही नाही म्हणत होता तेव्हा विक्रांतने सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली होती. आणि वर देशमान्यांकडे बघून हसला होता, होणारे सासरे म्हणून. दादापुढे बोलायची छाती झाली नाही, असं देशमाने म्हणाले. तुला सांगायचीही झाली नाही. तुला तो आवडला होता.

हर्षदाने पाकीट परत फाईलमध्ये ठेवलं. खालून भाजीवाला ओरडत गेला. मग तिने जे विचारलं ते फार साधं होतं. हे मला सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी नाही म्हटलं असतं, एवढाही भरवसा नव्हता का माझ्यावर?  नव्हता, असं देशमाने म्हणाले. तिथेच माझं चुकलं.

"आणि फिट्सच का? दुसरं काही लिहायला सुचलं नाही?"

"सुचलं नाही," ते म्हणाले. "डाव्या हाताने लिहीत होतो. शब्द लहान हवा होता."

या वेळी हर्षदा हसली नाही. ती उठून खिडकीपाशी गेली आणि तिथूनच बोलली. तिला आता खूप राग येतोय असं तिने सांगितलं. इतकी वर्षं तो नीट आलाच नव्हता, कारण बाप कबूल करेल तेव्हा रागवू असं तिने ठरवून ठेवलं होतं, आणि आता तो सगळा एकदम येतोय. फिट्स या एका शब्दापायी तिने काय काय ऐकलं, वर्गात, बसमध्ये, काकूंच्या हळदीकुंकवात, यातलं तिला काही म्हणजे काही विसरायचं नव्हतं. तुम्ही तेजस यायच्या आत निघा, असंही तिने सांगितलं, कारण त्याच्यासमोर तिला ओरडायचं नव्हतं.

देशमाने उठले. चपला घातल्या. ज्याची इतकी वर्षं भीती होती ते होऊन गेलं होतं. दारात त्यांनी धीर करून विचारलं.

"रागावलीस तरी फोन करशील का?"

हर्षदाने वळून बघितलं. नाक लाल झालं होतं, डोळे सुजले होते, आणि आवाज थेट रजनीबाईंचा लागला होता.

"रागवायचं तर फोन करावाच लागेल ना. तुम्ही काय रोज सोलापूरला येणार आहात?"

देशमाने फलटणला पोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, मुक्काम पंढरपूरच्या बहिणीकडे करून. घरी आल्यावर त्यांनी रजनीबाईंना सगळं सांगितलं. रजनीबाईंनी ऐकून घेतलं, दोन तास नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, मग पोह्यांची बशी आपटून समोर ठेवली. तेवढ्यावर सुटका झाली असं समजू नका, असंही बजावलं.

संध्याकाळ झाली. साडेसात वाजले, टीव्ही बंदच होता. देशमाने फोनसमोर बसले. त्यांच्या मनात शंभर शंका होत्या. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो. एक रात्र गेली की विचार बदलतो. लेक म्हणेल, काय उपयोग बोलून. आठला एक मिनिट कमी होतं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

फोन वाजला.

हर्षदाने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. तिने सुरुवात केली ती थेट फिट्सची बातमी कॉलेजात पोचली त्या दिवसापासून. प्रयोगशाळेत तिच्या हातून एक परीक्षानळी निसटली तर चार मुलं तिच्या तोंडात चमचा घालायला धावली होती, आणि हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. देशमाने फक्त हं म्हणत होते. ती म्हणाली, नुसतं हं म्हणू नका, काहीतरी बोला. मग ते बोलले. ती चिडली. मध्येच तिने विचारलं की दगड दहा फूट सरकवला तर एका माणसाने कसा सरकवला, वजन किती होतं त्याचं. देशमाने सांगू लागले, तर तिने त्यांना अडवलं, तुम्ही तेव्हा लगेच पंचनामा का नाही केलात. तिथून दोघांचा जो वाद पेटला तो काही विझेना.

पाऊण तास झाला. तास झाला. रजनीबाईंनी भाजी दुसऱ्यांदा गरम केली, पानं घेतली आणि उंबऱ्यात येऊन हातानेच विचारलं, काय म्हणतेय?

देशमान्यांनी फोनवर हात धरला. त्यांचा चेहरा असा फुलला होता की रजनीबाईंना तो लग्नातल्या फोटोनंतर प्रथमच दिसला.

"रागावलीय," ते म्हणाले. "तू जेवून घे. अजून निम्मंसुद्धा झालं नाही."